जमिनीत गाडलेला न फुटलेला तोफगोळा आणि साधं भंगार यांतला फरक मशीन लर्निंगने कसा ओळखता येईल?

सोलापुरात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मेटल डिटेक्टरच्या रीडिंगचा नकाशा थेट न्यूरल नेटवर्कला दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. खोली दुप्पट झाली की त्याच गोळ्याचा सिग्नल साधारण साठाव्या हिश्श्यावर येतो. मॉडेल मग वस्तूऐवजी खोलीच पाठ करतं.

ट्रान्समिटर कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की लोखंडात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह, उठतात. ते कसे विरतात हे ०.१ ते २५ मिलिसेकंदांपर्यंत मोजा, आणि वस्तूला तिन्ही दिशांनी चेतवा. एका आडव्या कॉइलवर, एकाच जागेवरून हे होत नाही. या मोजणीवर द्विध्रुव मॉडेल (वस्तूला एक छोटा चुंबक मानणारं गणित) बसवलं की जागा आणि खोली बाजूला निघते, हाती राहतात पोलरायझेबिलिटीचे, म्हणजे वस्तू प्रत्येक दिशेत किती प्रतिसाद देते याचे, तीन वक्र. तोफगोळ्याचा एक वक्र मोठा, उरलेले दोन जवळपास एकावर एक, आणि जाड पोलादामुळे उतार संथ. नांगराच्या मोडक्या फाळाचे तिन्ही वक्र वेगवेगळे. बैलाची पत्री पातळ, तिचा सिग्नल लवकर विझतो. फसवतो तो बोअरच्या पाइपाचा तुकडा, कारण तोही गोल. त्याची भिंत पातळ असते, म्हणून फरक उशिराच्या वेळांत दिसतो. गोंगाट जास्त म्हणून तेवढा भाग छाटू नका. रीडिंग पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढा.

सोलापूरची काळी माती इथे खरी अडचण आहे. ती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यामुळे कॉइल बंद झाल्यावर मातीच सिग्नल देते. तो साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो आणि जाड लोखंडाचा भास होतो. भेगांवरून कॉइलचा गाडा डुगडुगला, कॉइलची उंची दोन-तीन सेंटीमीटरने बदलली, तरी मातीचा हा सिग्नल हलतो. म्हणून त्याच शिवारात, धातू नसलेल्या जागी, त्याच उंचीवर दर तासा-दोन तासांनी कोरं रीडिंग घ्या आणि वजा करा.

वर्गीकरणाला वक्रांचे लॉगरिदम आणि सपोर्ट व्हेक्टर मशीन (दोन गटांमधली सीमा शोधणारी साधी पद्धत) पुरतं. ट्रेनिंग-टेस्टची वाटणी मात्र वस्तूनिहाय करा. एकच पाइप दोन्हीकडे गेला तर अचूकता खोटी फुगते.

गोळा असण्याच्या निम्म्या संभाव्यतेवर रेघ मारू नका. धोक्याच्या क्रमाने यादी लावा आणि खणणं कुठे थांबवायचं ते फार खाली ठरवा. भंगार उकरलं तर वेळ जातो, गोळा राहिला तर माणूस जातो. मॉडेल नीट बसलं नाही किंवा दोन वस्तू एकमेकींत मिसळल्या, तर ती जागा खणायच्याच यादीत. अमेरिकेत कॅम्प बटनर या जुन्या लष्करी तळावर २०१० च्या चाचणीत ३७ मिमीचे गोळे तिथल्या स्फोटाच्या तुकड्यांएवढेच होते. तिथे नुसतं आकारमान बघून भागलं नसतं.

नमुन्यासाठी लेथवर कातलेले ४० ते १०० मिमी व्यासाचे पोलादी शाफ्ट पुरा. भंगारवाल्याकडचा 'रिकामा' गोळा आणू नका. शेतात तसं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.