आईला सांग, बांगडे आण

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. किडनी बसवण्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) 1.3 वर टिकलंय हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पण मग ती म्हणाली, "घरात मासळी बंद केलीय. पोराच्या किडनीला ताप नको." तिचीच किडनी तुझ्या पोटात आहे, तिची भीती मला कळते. तरी हे पत्र तिला वाचून दाखव. डायलिसिसच्या दिवसांत तू पाणीसुद्धा मोजून प्यायलास. आता डॉक्टरांनी मनाई केलेली नसताना मासे सोडू नकोस.

माझी किडनी बसून 16 वर्षं झाली. आपल्यासारख्यांच्या बाबतीत बरेचदा किडनी नीट चालू असते आणि हृदयच दगा देतं. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, चालू असताना बीपी, साखर, कोलेस्टेरॉल चढायला वेळ लागत नाही. त्यात स्टेरॉइडनं भूक अशी सुटते की भाताचे ढीग कमी पडतात. म्हणून मी मटण सणावारापुरतं ठेवलं आणि मासे आठवड्यातून दोनदा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी सोडली तरी दोन वार निघतातच.

नॉर्वेत किडनी प्रत्यारोपणं ऑस्लोच्या एकाच रुग्णालयात होतात. तिथल्या 1,990 रुग्णांचं रक्त ऑपरेशननंतर दहा आठवड्यांनी तपासलं आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचा मागोवा घेतला. ज्यांच्या रक्तात माशांतून येणारी ओमेगा-3 ही चरबी जास्त होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. 2016 साली हे प्रसिद्ध झालं. मासळीनंच त्यांना तारलं असं यावरून म्हणता येत नाही; मासे खाणारे बाकीचंही नीट जेवत असतील. तिथेच 132 जणांना 44 आठवडे ओमेगा-3 च्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, तर किडनीच्या कामात फरक पडला नाही. तेव्हा मेडिकलच्या दुकानातली महागडी बाटली राहू दे. त्या पैशात बांगडे आण, तारली आण. ओमेगा-3 त्यांच्यात भरपूर असतं. मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई नेहमी नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

बांगडा घेताना कोळणीला कल्ला उचलून दाखवायला सांग. आत लालभडक हवा, डोळा फुगीर आणि काळा चकचकीत, पोट दाबलं की परत वर येणारं. उन्हात बर्फाशिवाय पडलेला बांगडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.

आता माझी चूक ऐक. चौथ्या वर्षी माहेरी गेले होते. भावजयीनं तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, केल्या होत्या, नुकत्याच तोंड उघडलेल्या, आतून अर्ध्या कच्च्या. मी वाटीभर खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून जुलाब. दोन दिवस घरगुती उपाय करत बसले. जुलाबात शरीरात पाणी कमी होतं हे ठाऊक होतं, पण टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी उलट वाढते हे ठाऊक नव्हतं. हात थरथरायला लागले, क्रिएटिनिन 1.2 चं 2.1 झालं, आठ दिवस सलाइनवर होते. किडनी वाचली. तेव्हापासून कालवं आणि हॉटेलातली शिंपल्यांची डिश मी वर्ज्य केलीय. घरच्या तिसऱ्या खाते त्या पूर्ण शिजलेल्या, तोंड न उघडलेल्या टाकून देते. आणि तुला जुलाब लागले तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन कर, रात्र झाली तरी.

खरा धोका मला मिठाचा वाटतो. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद, आणि मग घराघरांतून सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील बाहेर येतात. एका तुकड्यात दिवसभराचं मीठ जाऊ शकतं. ते दोन महिने अंडं खा, डाळ खा. एरवी तिखल्यात, म्हणजे माशांच्या तिखट कालवणात, तिरफळं, आमसूल, आलं-लसूण सढळ घालायला सांग आणि मीठ निम्मं. पहिले पंधरा दिवस तोंडाला बेचव लागेल, मग सवय होते. मासे तव्यावर थोड्या तेलात भाजायचे. तुझ्या आईचीही आता एकच किडनी आहे, कमी मिठाचं तिखलं दोघांनी एकाच भांड्यातलं जेवा.

पुढच्या मंगळवारी रक्त द्यायला जाशील तेव्हा सकाळची टॅक्रोलिमस घेऊ नकोस, डबीत घालून बरोबर ने आणि रक्त दिल्याबरोबर घे. पोटॅशियम किती आलं तेही विचार, ही गोळी ते वाढवते. आकडे मला कळव. आणि येताना वाटेत बाजार लागतोच.

तुझी,
मावशी