सहा ओळींचा कोड, अठरा शेरे

प्रश्न : एका ओपन सोर्स वेब फ्रेमवर्कला, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याला, मी आयुष्यातला पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) पाठवला. रिडायरेक्ट करताना, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवताना, पत्त्यातली क्वेरी स्ट्रिंग, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरचा भाग, गळून पडते. ती पुढच्या पत्त्याला आपोआप जोडली जावी म्हणून रिडायरेक्टच्या फंक्शनला एक पर्याय दिला. कोड सहा ओळींचा, माझ्याकडे व्यवस्थित चालतो. तीन आठवड्यांनी रिव्ह्यू आला : अठरा शेरे, आणि शेवटी ‘आधी प्रस्तावावर बोलू’. एवढ्याशा गोष्टीला एवढं? पीआर मागे घेऊ का? – एक वाचक

उत्तर : मागे घेऊ नका. इतके दिवस वाट पाहून असं उत्तर आलं की जिवाला लागतंच. पण ज्यानं अठरा शेरे लिहिले, त्यानं तुमचा कोड ओळ न ओळ वाचलाय. नकोच असता तर एका वाक्यात बंद केला असता.

मी अशाच एका फ्रेमवर्कचे पीआर गेली नऊ वर्षं तपासते, नोकरी सांभाळून, बहुतेक रात्री. तुमचा पर्याय माझ्याकडे आला असता तर मीही विचारलं असतं : नव्या पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर? दोन्हीकडे पान क्रमांक असेल, एकीकडे २ आणि दुसरीकडे ५, तर कोणता धरायचा? पत्त्याच्या शेवटी # असेल तर क्वेरी त्याच्या आधी घालावी लागते, ते केलंय का? आणि मला खरी धास्ती वाटते ती पुढे. रिडायरेक्ट दुसऱ्याच डोमेनवर जात असेल आणि क्वेरीत पासवर्ड बदलण्याचं टोकन, म्हणजे त्यासाठीचा गुप्त कोड, असेल, तर ते टोकन आपण आपल्या हातानं परक्याला दिलं. हे सहा ओळींत दिसत नाही. ते वापरणाऱ्याच्या साइटवर दिसतं.

फॉर्ममधल्या मजकुराच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढून टाकणारा एक पर्याय मी एकदा घाईत मंजूर केला होता. कोड दोन ओळींचा, टेस्ट हिरव्या, म्हणजे सगळ्या पास. पर्याय मुळातच ‘चालू’ ठेवलेला होता. रिलीजनंतर ज्यांच्या पासवर्डच्या शेवटी स्पेस होती त्यांना लॉगिन होईना. पासवर्डच्या रकान्याचा विचार ना लिहिणाऱ्यानं केला होता, ना मी. तेव्हापासून मी लहान पीआर जास्त वेळ घेऊन वाचते.

शिवाय एकदा दिलेलं सहज काढून घेता येत नाही. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये साधारण दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि जुनी सोय काढायची तर आधी इशारा देऊन निदान दोन आवृत्त्या ती चालू ठेवावी लागते. म्हणजे चुकलेली सहा ओळींची सोय वर्ष-दीड वर्ष सांभाळायची. तिथलाच क्वेरीस्ट्रिंग टॅग बघा. २०२४ च्या ५.१ मध्ये आला, पत्त्यातला एखादा भाग बदलून लिंक बनवून देणारा, किती दिवस हवा होता तो! पण सगळे भाग काढल्यावर तो रिकामी लिंक देऊ शकत होता, आणि रिकाम्या लिंकवर ब्राउझर जुन्या क्वेरीसकट त्याच पानावर परत येतो. ‘फिल्टर काढा’ दाबलं तरी फिल्टर जागच्या जागी. २०२५ च्या ६.० मध्ये तो नेहमी प्रश्नचिन्ह तरी देईल असं केलं गेलं.

आता प्रस्ताव लिहा, आणि त्यात कोड सगळ्यात शेवटी येऊ द्या. आधी अडचण : कोणत्या पानावर, काय दाबल्यावर, काय हरवलं. मग आज लोक ती कशी भागवतात ते. जँगोच्या रिडायरेक्टव्ह्यूमध्ये क्वेरी पुढे नेण्याची सोय पूर्वीपासून आहे, आणि ती मुळात ‘बंद’ असते. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये असं काही आहे का ते शोधा; असेल तर त्याच नावानं, त्याच वळणानं जा. ‘उपयोगी पडेल’ असं लिहू नका, कुणाला पडलं असतं ते लिहा.

शेऱ्यांपैकी नावं, स्पेलिंग, डॉक्युमेंटेशनचे आज रात्रीच उरकून टाका. जिथे पटत नाही तिथे कारण देऊन तसं सांगा. मला असं उत्तर आलं की बरं वाटतं, दोनदा तर मीच माझा शेरा मागे घेतलाय. दुसऱ्या डोमेनची टेस्ट मात्र सगळ्यात आधी लिहा. ती लाल आली, तर ती तशीच प्रस्तावात जोडा.