कोरोनाच्या काळात कोकणात कामाला आलेल्या मजुरांच्या मुलांच्या शिक्षणाचं काय झालं? ते नुकसान भरून निघतं का?

मी रत्नागिरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या पटावर गावातली मुलं थोडीच. बाकीची हापूसच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची आणि चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, आलेल्या विजापूरकडच्या मजुरांची.

घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, आणि रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. हे खरंच, पण गावातल्या बऱ्याच मुलांचंही तेच होतं. या मुलांची मात्र मराठीच तुटली. घरी मराठी कोणी बोलत नाही. ती कानावर पडते शाळेत, खिचडीच्या पंगतीत, पटांगणात भांडताना. मार्च २०२०मध्ये ते सगळं थांबलं. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला.

चिरेखाणी बंद पडल्या तशी विजापूरकडची माणसं वाट मिळेल तेव्हा गावी निघून गेली. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ आम्ही घरी नेण्यासाठी वाटत होतो, पण ही मुलं इथे नव्हती आणि तिकडच्या शाळेत त्यांचं नाव नव्हतं. नेपाळी कुटुंबं इथेच अडकली. आंबा उतरवायचे दिवस, त्यात नेपाळनेही सीमा बंद केलेली.

एका बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणदाराच्या झोपडीवजा घरात, मी पुस्तकं द्यायला जायचे. तिथली दुसरीतली मुलगी आंब्याच्या उपड्या पेटीवर पुस्तक ठेवून वाचायची. आई नेपाळीत शिकलेली, लिपी देवनागरीच, त्यामुळे तिने लेकीची अक्षरं सुटू दिली नाहीत. शाळा उघडल्यावर ही पोर धडा घडाघडा वाचायची. पण "विहिरीवर कोण गेलं?" असं विचारलं की गप्प. विजापूरहून परतलेल्यांकडे तेवढंही उरलं नव्हतं. आईवडिलांना वाचता आलं तरी कन्नडच. पहिलीत असताना गावी गेलेलं मूल थेट तिसरीत बसलं, तेही बाराखडी विसरून. तेरा-चौदा वर्षांचे काही मुलगे तर खाणीवरच लागले, ते परत आलेच नाहीत. त्यांचं मला आजही फार वाईट वाटतं.

नुकसान भरून निघतं का? लहानांचं बरंचसं निघतं, पण उजळणी पुस्तकापासून सुरू करू नये. मी आधी नुसतं बोलायला लावलं. बाजार कुठला, आज जेवणात काय होतं, मासळी कोणती मिळाली. गावातली मुलं मुद्दाम त्यांच्या शेजारी बसवली. जीभ सैल झाली की वाचलेलं कळायला लागतं. मागे पडलेल्या मुलांसाठीच्या उपचारात्मक वर्गात सरसकट स्वाध्याय सोडवून घेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या आसपास बागेत किंवा खाणीवर सहा ते चौदा वर्षांचं मूल घरी बसलेलं दिसलं तर त्याला जवळच्या शाळेत घेऊन जा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, म्हणून परत पाठवता येत नाही. कोणी कागद मागून अडवलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.