भटकायचंय ना? मग आधी पावसाचं बघ

नोकरी सोडून गोव्यात भटकत राहायचं म्हणतोस, राहा की. फक्त समुद्रासाठी येत असशील तर जून टाळ. तेव्हा शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळी, उतरवलेले असतात. लॅपटॉप उघडून एका जागी बसायचं असेल तर मात्र तेच पावसाचे महिने बरे, भाडी उतरतात. डिसेंबरात किनारा सोडून सरळ वाळपईची कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस पकड.

वाळपई आहे सत्तरी तालुक्यात. तिथे धनगर-गवळ्यांच्या वाड्यावर जायचं तर कुणा ओळखीच्या माणसाबरोबर जा. त्यांचे वाडवडील म्हशी घेऊन चाऱ्यापाण्यामागे रानोमाळ फिरत. कुठे कधी हलायचं ते जनावराचं पोट ठरवायचं. पुढे रानं राखीव होत गेली, १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झालं, आणि आता बहुतेक वाडे एकाच जागी आहेत. आपलं फिरणं हौसेचं. तिथे जाऊन ‘मीपण भटक्याच’ असं म्हणू नकोस, बाबा! म्हाताऱ्यांना जुन्या वाटा विचार, ते रंगून सांगतात. परतीची बस कधीची, ते मात्र उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेव.