बीच सुंदर आहे, पण बाहेर कुठून याल?

नाशिकचे चौघं, चौघांचंही ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, झालेला, बोटीचे पैसे वाचवून कोकणात किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचं, तर तारकर्ली बरी की आणखी कुठे, असा प्रश्न आहे. तारकर्ली नको. वाळू सुरेख आहे, पण पाण्याखालीही लांबवर वाळूच आहे. शेजारी देवबागला कर्ली नदीची खाडी समुद्राला मिळते, ती गाळ आणते. डोक्यावरून जेट स्की आणि पॅरासेलिंगच्या बोटी जात असतात, ते वेगळंच. मालवणचे नावाजलेले डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत होतात आणि तिथे बोटीनेच नेतात. तिथे बोटीचे पैसे खुशाल द्या.

तरी बीच कसा पारखायचा ते सांगतो, कारण उद्या अंदमानला गेलात तरी हेच लागणार आहे.

आधी बाहेर यायची जागा शोधा, आत जायची नंतर. आत शिरताना माणूस ताजातवाना असतो आणि लाट समोरून दिसते. परतताना पाय दमलेले असतात आणि लाट पाठीमागून येते. टाकी, जॅकेट, शिसं मिळून अंगावर वीस-पंचवीस किलो. कंबरभर पाण्यात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातली फिन काढायला जावं आणि नेमकी तेव्हाच लाट गुडघ्यामागे बसावी, असं हमखास होतं. खाली वाळू असेल तर हसत उठाल. खडक असेल तर त्याला कालवं, म्हणजे धारदार शिंपल्या, चिकटलेली असतात. त्यांच्या कडांनी तळहात आणि गुडघे सोलून निघतात, पातळ तळव्याचे बूटही फाटतात. म्हणून फिन काढेपर्यंत जोडीदाराचा खांदा धरा, आणि पाण्याबाहेर पडेपर्यंत मास्क डोळ्यांवर अन् रेग्युलेटर तोंडात राहू द्या. पडलात तर निदान श्वास तरी चालू राहील.

मला स्वतःला असा किनारा आवडतो: वाळूचा एक पट्टा आणि त्याच्या एका अंगाला समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक. वाळूवरून आत शिरायचं, खडकाच्या कडेकडेने फिरायचं, मासे तिथेच असतात, आणि पुन्हा वाळूवरूनच बाहेर. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट बसलेला असला तर सरकून जातो. उतार बेताचा हवा. फार सपाट असेल तर पाच मीटर खोली गाठेपर्यंतच दमछाक होते, फार उभा असेल तर लाट थेट काठावर येऊन आपटते.

सूट चढवण्याआधी वीसेक मिनिटं नुसतं पाणी बघत बसा. मोठ्या लाटा टोळीने येतात, मग जरा उसंत मिळते. त्या उसंतीत शिरायचं आणि निघायचं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा गप्प आहे, पाणी गढूळ किंवा गडद आहे, फेस समुद्राकडे चाललाय, असं दिसलं तर तिथे उतरू नका. नवख्याला तीच जागा शांत वाटते, पण पाणी तिथूनच आत ओढतं. सापडलातच तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. गोदेच्या पुराचा अंदाज आपण नाशकात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून घेतो ना, तसा इथेही एक ठळक खडक हेरून ठेवा आणि पाणी त्याच्या कुठवर आलंय ते बघत राहा.

भरती-ओहोटीसाठी कोकणातला जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून तक्ता बघायचाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतात, पाणीही गढूळ होतं. मला दशमी-एकादशी सर्वांत सोयीची वाटते: भांगाचे दिवस असतात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, भरती सकाळी साडेसात-आठच्या आसपास पूर्ण होते, आणि दुपारचे खारे वारे सुटायच्या आत डाइव्ह उरकतो. एकादशीचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी पाण्यातून बाहेर आल्यावर खा, आधी नको.

हे सगळं जमलं तरी कोळ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. जिथे रापण ओढतात तिथे पाण्याखाली जाळं असतं आणि ते तुम्हाला दिसणार नाही. गळ टाकणारे खडकावर बसले असतील तर तुटलेली तंगूस सगळीकडे अडकलेली असणार. प्रत्येकाकडे छोटी सुरी हवी. वर तरंगणारा बोया तर हवाच. आणि हवेचं गणित बोटीच्या डाइव्हसारखं करू नका. इथे परत पोहायचं असतं, तेही कदाचित प्रवाहाविरुद्ध. टाकीत हवेचा दाब २०० बार असेल तर तो १३० वर आला की परत वळावं.

किनाऱ्यावरूनच करायची हौस असेल तर हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, निमो रीफ आहे. नवशिक्यांना तिथेच नेतात. पैसे साठवून बालीला गेलात तर तुलांबेन. १९४२ साली टॉर्पेडो लागलेलं लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज तिथे किनाऱ्यावर ओढून आणलं होतं. १९६३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ते समुद्रात सरकलं. आज ते काठापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली आहे. मात्र किनारा वाळूचा नाही, गोल गोट्यांचा आहे, पाय मुरगळतात. टाक्या वाहून न्यायला गावातल्या बायका असतात, त्या डोक्यावर टाकी ठेवून त्याच गोट्यांवरून सहज चालत जातात.

सरावासाठी गंगापूर धरणात उतरायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. सावरकर जलतरण तलावात पोहण्याचा दम वाढवा, तेवढं पुरे.

आणि नाशिककर विसरतात ती गोष्ट: आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. मालवणहून कुठल्याही रस्त्याने या, घाट चढावाच लागतो. ३०० मीटरच्या वरची चढाई डाइव्हच्या हिशेबात धरतात, कारण अंगात मुरलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरू शकतो. एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानासाठी किमान १८ तास थांबायला सांगतात. मी घाटालाही तोच नियम लावतो. तेव्हा शेवटचा डाइव्ह निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरका, रात्र मालवणातच काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून गाडी काढा.