डोंगरात घर बांधण्याआधी तिथे एक पाऊस काढा

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातली नोकरी सोडून कोकणात गावी राहायला यायचं, घरापुरती भाजी पिकवायची, पक्षी बघायचे आणि वर डोंगरात एक छोटं घर बांधून अधूनमधून तिथे जाऊन राहायचं, हे रोजच्या जगण्यात कसं असतं, आणि सुरुवात कुठून करावी?

मी बारा वर्षांपूर्वी डोंबिवलीहून सासरच्या गावी आले. सावंतवाडीहून आंबोलीकडे जाताना घाट लागायच्या आधी आमचं गाव. जुनं चिऱ्याचं घर, मागे परसू, थोडी पोफळी, थोडे काजू. आणि वर घाटमाथ्यावर, चौकुळच्या बाजूला, मामेसासऱ्यांचा मांगर आहे. मांगर म्हणजे शेतावरचं किंवा बागेतलं छोटं घर. वर्षातून आठ-दहा वेळा आम्ही तिथे जाऊन राहतो. तेव्हा तुम्ही म्हणता ते तिन्ही मी जगते आहे, आणि मनापासून सांगते, या आयुष्यावर माझं फार प्रेम आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात घरापासून करू नका, पावसापासून करा. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहराच्या जवळपास दहापट. तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डिसेंबरात सुंदर हवेत जागा बघून, मार्चमध्ये पाया घालून, मे महिन्यात गृहप्रवेश केलेली घरं मी पाहिली आहेत. जुलैमध्ये त्यांच्या भिंतींना आतून हिरवा रंग चढतो.

आमच्याकडूनही हीच चूक झाली. मांगराचे जुने नळे, म्हणजे नळीची कौलं, बरेच फुटले होते. आम्ही हिवाळ्यात ते उतरवून वर पत्रे घातले, आणि दरी दिसावी म्हणून नैऋत्येच्या भिंतीला मोठी खिडकी काढली. शेजारच्या जमिनीतले तात्या रोज येऊन काम बघायचे. एक दिवस म्हणाले, "वयनी, आधी एक पावस हंय काढा, मगे काय ता ठरवा." आम्ही थांबलो नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात वर गेलो तर पत्र्यावरच्या आवाजात समोरासमोर बसूनही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पाऊस वरून खाली पडतच नव्हता, वाऱ्याबरोबर आडवा येत होता, थेट त्या खिडकीवर. तिसऱ्या दिवशी गादी पिळली तर पाणी निघालं असतं. मीठ विरघळलं, काडेपेटी मेली, ह्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी शिरली.

पुढच्या वर्षी खिडकी बुजवली, छपराला मंगलोरी कौलं घातली, पावळ्या, म्हणजे छपराच्या भिंतीपुढे येणाऱ्या कडा, दोन हात बाहेर काढल्या आणि वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांची झडी, म्हणजे आडोसा, बांधला. आता दर मे महिन्यात कौलं परततो, फुटकी बदलतो, झडी नव्याने बांधतो. आणि गेलो की आधी चूल पेटवतो. चुलीचा धूर वाशांना लागला की लाकूड कोरडं राहतं, किडीचा त्रासही कमी होतो. जुन्या घरांत स्वयंपाकघरावरचे वासे काळे कुळकुळीत दिसतात ना, ते सगळ्यात जास्त टिकतात. शहरातून येणारी माणसं चूल काढून टाकायला निघतात, त्यांना मी हात जोडून सांगते की असू द्या.

एवढा पाऊस पडणाऱ्या जागी एप्रिलमध्ये पाणी नसतं, हे दुसरं सत्य. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो, पाणी धरत नाही. सप्टेंबरात धो धो वाहणारा व्हाळ फेब्रुवारीत रोडावतो आणि एप्रिलमध्ये नुसते गोटे उरतात. जागा घ्यायची तर ती मे महिन्यात एकदा बघाच. पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगते.

जमिनीचं थोडक्यात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यात तशी अट आहे. तुमच्या वडिलांच्या नावे कुठे सातबारा असेल तर तो आधी शोधा. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत तर कबुलायतदार गावकर, म्हणजे जुन्या कबुलायतीवर गावकऱ्यांनी सामायिक धरलेल्या, जमिनींचा जुना प्रश्न आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांची नावंसुद्धा सातबाऱ्यावर लागायला झगडावं लागलं. कुणी घाईने सौदा करायला सांगितलं तर करू नका. शिवाय सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा वन्यजीवांच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे, २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे वृक्षतोडीला मनाई केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. माझं स्पष्ट मत आहे की वर नवीन बांधूच नका, एखादा पडका मांगर भाड्याने घेऊन दुरुस्त करा.

आता परसाकडे येते, कारण रोजचा वेळ इथेच जातो.

इथली भाजी दोन हंगामांत विभागलेली आहे. मिरगाच्या पहिल्या पावसाबरोबर पडवळ, दोडकी, कारली, काकडी, चिबूड यांचं बी टोचायचं आणि वेल मांडवावर चढवायचे. मांडव आधीच उभा हवा, पाऊस लागल्यावर खांब रोवायला सवड मिळत नाही. अळू लावावंही लागत नाही, न्हाणीच्या पाण्यावर आपोआप माजतं. भात कापून झालं की नोव्हेंबरात त्याच कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, वाल. हिवाळी भाजी मला जास्त आवडते. रोज संध्याकाळी कळशीने शिंपायची, आणि माठाची पानं पाण्याखाली एकदम ताठ होतात ते बघत उभं राहायचं.

माती लाल, आंबट, आणि पावसाने धुतलेली. इथे शेणखत आणि चुलीतली राख यांशिवाय काही धड येत नाही. पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, झाडांच्या बुंध्याशी जाड थरात घातला की उन्हाळ्यात निम्मं पाणी वाचतं. पण पातेरा गोळा करताना जपा. आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीतून येतो, आणि काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, जास्त दिसतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, हे आम्ही चुकवत नाही. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आधी आरोग्य केंद्राला कळवायचं. भीती घालत नाही, पण इथे राहणाऱ्याला हे माहीत हवं.

वानरं येणारच. पहिली दोन वर्षं मी फटाके, जाळी, राखण, सगळं करून पाहिलं. मग घरच्या जुन्या बायका काय लावतात ते नीट बघितलं: हळद, आलं, सुरण, अळू, मिरची, आणि पोफळीवर चढवलेली मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीचा वेल. वानर यातलं काही खात नाही. घसा खाजवणारं किंवा झोंबणारं ते सोडून देतं. करांदे आणि कणगी हे कंद मात्र रानडुकरं उकरतात, ते घराच्या अगदी लगत, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतच लावायचे. शेवग्याच्या शेंगा, पेरू, पपई यांत वानरांचा हिस्सा धरूनच चालते आणि एकाऐवजी तीन झाडं लावते.

मिरचीवर बुलबुल येतात. पिकलेली लाल मिरची ते अख्खी गिळतात, तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. कुंपणाला न पेरलेली मिरचीची रोपं उगवलेली दिसली की समजा बुलबुलांनी पेरली. उलट पावसाळ्यात गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत संपवतात, तेव्हा भारद्वाज, आमच्याकडचा कुकुडकोंबा, त्यांना वेचून खातो. त्याच्यासाठी मी परसाच्या कोपऱ्यात थोडी गचपण मुद्दाम ठेवली आहे. तुमच्या डोक्यातली बाग स्वच्छ, आखीव असेल तर पक्षी कमी येतील. दयाळ, सातभाई, शिंपी या सगळ्यांना पाचोळा आणि झुडपं लागतात.

गेल्या फेब्रुवारीत शिंजिराच्या मादीने पडवीतल्या दिव्याच्या वायरीला घरटं बांधलं. मी रोज सकाळी तांदूळ निवडत खाली बसायचे, डोक्यापासून हातभर अंतरावर. ती एकटीच बांधत होती. आधी कोळ्याचं जाळं चोचीत गुंडाळून आणायची आणि वायरीला लपेटायची, मग गवताची काडी, मग सालीचा कपचा, सुरवंटाची वाळलेली विष्ठासुद्धा. लांबून बघितलं तर वाऱ्याने अडकलेला कचराच वाटावा. बाजूला अंगठ्याएवढं दार आणि त्यावर लहानशी पावळी, पाऊस आत येऊ नये म्हणून! मांगराला पावळ्या कमी काढल्या होत्या ते आठवून मी कितीतरी वेळ त्या पावळीकडे बघत राहिले. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत महिनाभर लागला. तेवढे दिवस पडवीतला दिवा लावला नाही, कंदिलावर भागवलं.

पक्ष्यांवरून आता मला वर्ष कळतं. पांगारा आणि सावर फुलले की साळुंक्यांचा गोंगाट. मार्च-एप्रिलमध्ये धनेशाचा नर वडाची, उंबराची फळं घेऊन एकाच झाडाकडे फेऱ्या मारताना दिसला की समजायचं, आत ढोलीत मादी स्वतःला बंद करून बसली आहे. तो तिला एका फटीतून भरवतो. ते झाड कुणाला दाखवायचं नाही, फोटोसाठी गर्दी केली तर नर यायचा थांबतो. मेच्या शेवटी पहाटे आणि तिन्हीसांजेला नवरंगाची दोन सुरांची शीळ सुरू होते. ती पहिल्यांदा ऐकली की मी वाळत घातलेली आमसुलं आत घेण्याच्या तयारीला लागते, आणि पावसाळी बेगमी, तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, डब्यांत भरून ठेवते. वीज जुलैमध्ये दोन-दोन दिवस नसते. फोन तर वर मांगरात जवळपास लागतच नाही.

कंटाळा येतो का, हेही तुम्ही विचारलं आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. दहा-दहा दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, कुणी येत-जात नाही. माझी मुलगी तेव्हा लहान होती, शाळेला सुट्टी द्यावी लागायची, आणि घरात आम्ही चौघं एकमेकांवर चिडायचो. मग श्रावण लागला की ऊन-पाऊस सुरू होतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मांगराकडे जाऊन माटोळीसाठी हरणं, शेरवड, कांगलं, कवंडळं घेऊन यायची. गणपतीच्या डोक्यावर ती रानातली फळं-फुलं टांगली, त्यात परसातलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, आणि पोफळीचं शिपटं, म्हणजे सुपाऱ्यांचा घड, बांधलं, की जुलै विसरायला होतो.

आता ती पाण्याची गोष्ट. पहिली दोन वर्षं एप्रिलमध्ये मांगराला जाताना आम्ही खालून कॅन भरून न्यायचो. तिसऱ्या वर्षी पहाटे पावणेपाचला मला शीळ कस्तुराचा आवाज आला. माणूस विचारात असताना घालतो तशी शीळ, कुठलीच चाल पूर्ण न करणारी. पावसात तो आमच्या अंगणापर्यंत येतो, पण एप्रिलमध्ये सगळं कोरडं असताना इथे? तात्यांना सांगितलं तर म्हणाले, पाण्याशिवाय तो राहायचा नाही, आवाजाच्या मागे जावा. उजाडल्यावर उतारावरून खाली गेलो. निळा-काळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा रंग, एका दगडावरून दुसऱ्यावर उडत गेला. तिथे जांभळीच्या मुळांखाली ओल होती. हाताने पाला काढला, कोयत्याने दगड हलवला, आणि करंगळीएवढी धार निघाली. आम्ही तिथे चिऱ्याचं लहान कुंड बांधलं आहे, अर्धी बाजू उघडी ठेवून, म्हणजे त्यालाही पिता येईल. एप्रिलअखेर एक कळशी भरायला पंधरा मिनिटं लागतात. आम्हा दोघांना तेवढं पुरतं.

तुम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आंबोलीत पंधरा दिवस खोली घेऊन राहा, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा या. मीठ बरणीत आणा, कागदी पाकिटात नको.