मोर्चात कोणी दगड उचलू नये म्हणून आधीपासून काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या प्रश्नावर गावाचा मोर्चा तहसीलवर न्यायचा ठरलाय, हजारभर माणसं येतील, आणि एकानं जरी दगड उचलला तरी सगळं मुसळ केरात जाईल याची धास्ती वाटते. ही धास्ती रास्त आहे.

मी आमच्या तालुक्यात चार-पाच मोर्चांत स्वयंसेवक होतो. माझा अनुभव असा की गर्दी बिथरते ती रागानं कमी आणि पुढे काय चाललंय ते न कळल्यानं जास्त. एकदा आमची माणसं निवेदन द्यायला आत गेली होती. पाऊण तास उलटला. ऊन मी म्हणत होतं, कर्ण्याची बॅटरी उतरलेली. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आपल्या माणसांना आत डांबलं!" ती तर आत बाकावर बसून साहेबांची वाट बघत होती. पण दोन मिनिटांत मागची पोरं फाटकाला भिडली, एक दगड आला, चौकीची काच फुटली. तेव्हा आमच्यातल्या एका आजीनं पदर खोचला आणि फाटकाकडे पाठ करून भर रस्त्यात बसकण मारली. "बसा रे, बसा खाली!" शेजारच्या बाया बसल्या, मग पोरंही बसली. बसलेल्या माणसाला धड पळता येत नाही, दगड भिरकावता येत नाही, आणि त्याच्यावर काठी उगारणं पोलिसालाही जड जातं. तेव्हापासून आमची खूण ठरली: शिट्टी तीनदा लांब वाजली की असाल तिथे खाली बसायचं. आदल्या दिवशी देवळासमोर हे दोनदा करून घ्या. लोक हसतील, हसू द्या.

अफवेचा धोका जुनाच आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर "हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार" अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. उलट हात उचलायला माणसं तयार होती, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मला त्याहून मोठी वाटते ती डिसेंबरातली गोष्ट. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनं आले होते, नावं नोंदवून झाली होती. पण कोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं. लोकांना ते किती जड गेलं असेल! तरी त्यांनी ऐकलं, आणि तळ्याभोवतून मिरवणूक काढून ते शांतपणे परतले. पुढे जा म्हटल्यावर जाणारे पुष्कळ मिळतात. तुमच्यात "थांबा" म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी बैठकीत ठरवा आणि ते नाव प्रत्येक वाडीत पोचवा. ऐनवेळी तीन पुढारी तीन गोष्टी सांगू लागले की मोर्चा हातातून गेलाच.

माणसं गावा-वाडीनुसारच चालवा. २०१८ चा नाशिक-मुंबई शेतकरी लाँग मार्च आठवा. सुमारे १८० किलोमीटर, हजारो आदिवासी शेतकरी, पायाला फोड आलेले. शेवटच्या रात्री सोमय्या मैदानात पाठ टेकतात न टेकतात तोच दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून मध्यरात्रीनंतर उठून ते आझाद मैदानाकडे चालू लागले. एवढी दमलेली माणसं एका सांगण्यावर उठतात ती सांगणारा ओळखीचा असतो म्हणून. तुमच्याकडेही वीस माणसांमागे त्यांच्याच आळीतला एक जण नेमा, ज्याला पोरं काका किंवा दादा म्हणतात. अनोळखी पट्टेवाल्या स्वयंसेवकाला कोणी जुमानत नाही.

बाकीचं थोडक्यात. मार्ग पोलिसांना आधी कळवा. घोषणा एकाच टेम्पोवरून द्या. प्यायलेला माणूस कोणाचाही भाऊ असो, घरी पाठवा. पाण्याची आणि बायांच्या स्वच्छतागृहाची सोय रस्त्यात कुठे आहे ते पाहून ठेवा. तहानलेली, अवघडलेली माणसं लवकर चिडतात. आत गेलेल्यांपैकी एकानं दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन काय चाललंय ते सांगायचं, काही घडलं नसलं तरी.

आणि मोर्चा संपला हे कर्ण्यावरून स्पष्ट सांगा. आमच्याकडे बाचाबाची झाली ती बहुतेक वेळा सभा उठल्यावर, चहाच्या टपरीवर रेंगाळलेल्या दहा-वीस जणांत. म्हणून आळीचा माणूस आपले वीस मोजून गाडीत बसवतो आणि मगच स्वतः चढतो.